टंचाईला मुदतवाढ

जूनच्या चोवीस तारखेला भर दुपारी किल्ल्याच्या मागून एक ढग वर आला. चांगला काळा, पोट सुटलेला. समोरच्या अडतीतला हमाल पाठीवरचं पोतं खाली टाकून रस्त्यावर आला, शेजारच्या शिंप्यानं मशीन थांबवलं, शाळेतली पोरं ओरडत सुटली. माझ्या सायकलच्या दुकानात बसलेली आमची सात-आठ माणसं मात्र घरात कुणी आजारी असावं तशी गप्प झाली.

"गेला मन्मथ," कुणीतरी म्हणालं.

"तोंड सांभाळ," मी म्हणालो आणि हातातला पाना फळीवर आपटला. "एका ढगानं काय होतंय?"

पण मला बसवेना. मी पायरीवर गेलो, आत आलो, पुन्हा पायरीवर गेलो. अर्ध्या तासानं तो ढग एक थेंबही न टाकता बिदरच्या बाजूला सरकला, तेव्हा मी मोठ्यानं हसलो आणि सगळ्यांना चहा सांगितला. दुष्काळात ढग गेला म्हणून चहा पाजणारा माणूस अख्ख्या उदगिरात दुसरा सापडला नसता. त्या वेळी मला त्याची लाजसुद्धा वाटली नाही.

मी शेषेराव. स्टेशन रोडला माझं सायकल दुरुस्तीचं दुकान, आणि किल्ला फुटबॉल क्लबचा मी सेक्रेटरी. दुकान पोटासाठी आणि क्लब डोकं तापवून घेण्यासाठी. मन्मथ हा आमचा सेंटर फॉरवर्ड. निलंग्याकडच्या एका खेड्यातला पोरगा. तीन वर्षांपूर्वी निलंग्याला शाळेच्या मैदानावर तो अनवाणी खेळताना मी बघितला आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या आईच्या दारात जाऊन बसलो. नीलम्मा विधवा बाई, एकुलता एक मुलगा, चार एकर कोरडवाहू. ती म्हणाली, "नेता खरं, पन पेरणीला पाठवायचं. तिफण धरायला मला दुसरं कोन हाय?" मी छातीवर हात ठेवून हो म्हणालो. फुटबॉलसाठी मी कशालाही हो म्हणतो.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा वर्षही पुरं झालं नव्हतं. नवा जिल्हा, नवी कचेरी, आणि पहिल्याच उन्हाळ्यात विहिरी तळाला गेलेल्या. गावोगाव टँकर सुरू झाले. टँकरबरोबर जाऊन पाणी खरंच गावात पडलं का हे बघायला आणि सरपंचाची सही आणायला माणसं हवी होती. आमचा निवृत्ती सूर्यवंशी तहसिलीत टंचाईच्या टेबलावर कारकून. त्यानं शब्द टाकला आणि मन्मथला काम मिळालं. हुकमात लिहिलं होतं: टंचाई कालावधीपुरती नेमणूक, तीस जूनपर्यंत.

आणि आमचा अंतिम सामना होता बारा जुलैला.

समोर नांदेडच्या एका कारखान्याचा संघ. त्यांच्याशी आम्ही चार वेळा अंतिम सामना खेळलो होतो आणि चारही वेळा खाली मान घालून मैदानाबाहेर आलो होतो. स्पर्धेचा नियम असा, की खेळाडू ज्या गावात नोकरीला, त्या गावचा. मन्मथ टँकरवर आहे तोवर उदगीरचा. तीस तारखेला मोकळा झाला की कुणाचाही. नांदेडवाले दोनदा येऊन गेलेही होते. कायमची नोकरी, राहायला खोली. मन्मथनं दोन्ही वेळा त्यांना चहा पाजून परत पाठवलं. "अण्णानं मला आणलंय," तो म्हणाला, "अण्णा जा म्हनले तर जातो." तो अण्णा म्हणजे मी. मी कशाला जा म्हणतोय!

त्या संध्याकाळी निवृत्ती नेहमीप्रमाणे सायकलची चेन हातात धरून दुकानात आला. त्याची चेन रोज तहसील ते स्टेशन रोड एवढ्या अंतरात एकदा तरी पडायचीच.

"जयभीम, शेषेराव. आज ढग लई मोठा आलता."

"ढगाचं सोड. मन्मथच्या हुकमाला मुदतवाढ मिळंल का, ते सांग."

"त्येच्या एकट्याच्या हुकमाला कशी मिळंल? त्यो हुकूम टंचाईला बांधलेला हाय. टंचाई वाढली तर त्यो ऱ्हातोय. पाऊस पडला, टंचाई सरली, की त्यो घरी."

"मग टंचाई वाढवायला काय करावं लागतंय?"

"काय न्हाई. पाऊस न्हाई पडला की ती आपोआप वाढती."

"आणि अर्ज केला तर?"

"अर्ज कशाचाबी करता येतोय," तो म्हणाला आणि चेन बसवायला खाली वाकला.

झालं. मला तेवढंच पुरे होतं. आधीच मर्कट, त्यात मद्य प्यालेला. त्याच बैठकीत मी कागद घेतला आणि माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं: 'तालुक्यातील टंचाई परिस्थिती कायम असून टंचाई कालावधीस एकतीस जुलैपर्यंत मुदतवाढ मिळावी, अशी आम्हा सर्वांची कळकळीची विनंती आहे.' खाली पहिली सही माझी. मग दोन दिवस आम्ही गावभर फिरलो. कुणी विचारलं तर एकच उत्तर, फुटबॉलचं आहे. उदगिरात तेवढं सांगितलं की माणूस वाचत बसत नाही. पानवाल्यानं सही केली, हमालांनी अंगठे दिले, लग्नाच्या वरातीतल्या बँडवाल्यांच्याही सह्या मी उभ्याउभ्या घेतल्या.

तीनशेला दोन कमी पडत होत्या म्हणून मी घरी गेलो. माझी बायको चांगुणा पहाटेपासून टँकरच्या रांगेत उभी राहून नुकतीच आली होती. दोन घागरी उतरवून ती उंबऱ्यावर टेकली होती.

"अंगठा दे हितं," मी म्हणालो.

"कशाचा कागद?"

"फुटबॉलचा. मन्मथचं काम हाय."

"त्या पोराचं काम व्हय? मग घ्या की." तिनं अंगठा उमटवला. शाई धुवायला पाणी घालवायचं नाही म्हणून तिनं तो चुलीतल्या राखेत घासला. मग मीच शेजारणीचा आणला आणि तीनशे पुरे केले.

सव्वीस तारखेला मी तो गठ्ठा रजिस्टर पोस्टानं पाठवला आणि पावती निवृत्तीला दाखवायला गेलो, शाबासकीच्या अपेक्षेनं. त्यानं पावती वाचली आणि कपाळावर हात मारला.

"आवं शेषेराव, ह्ये उस्मानाबादला धाडलंव की तुमी!"

"मग?"

"मग काय मग? आपला जिल्हा लातूर झालाय न्हवं!"

मी पावती हिसकावून घेतली. खरंच होतं. आजोबांपासून आमचे कागद उस्मानाबादलाच गेले. जमिनीचे असोत, कोर्टाचे असोत, तक्रारीचे असोत. लातूर जिल्हा झाला त्या दिवशी फटाके उडवणाऱ्यांत मी पुढे होतो, पण हाताला कुणी सांगितलं नव्हतं. पोस्टातल्या माणसालाही त्यात काही वावगं दिसलं नाही. मी स्वतःला अशा शिव्या घातल्या की दुकानात पंक्चर काढायला आलेला मास्तर सायकल तिथंच ठेवून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं मी लातूरला निघालो. नवा अर्ज रात्रीच लिहिला होता, सह्या गाडीतच घेतल्या. लातुरात कलेक्टर कचेरी विचारली तर तिघांनी तीन दिशा दाखवल्या, चौथा म्हणाला, "मीबी तिचीच वाट इचारून ऱ्हायलो." कचेरी सापडली तेव्हा दुपार झाली होती. तिथल्या कारकुनानं अर्ज घेतला, शिक्का मारला, वरून खालपर्यंत वाचला आणि मान वर करून माझा चेहरा नीट बघितला.

"तुमचं गाव कोणतं?"

"उदगीर."

"तिकडं पाणी कसंय?"

"न्हाईच की."

"मग पाऊस मागायचा सोडून हे काय?" तो म्हणाला. मी म्हणालो, ते आमचं आम्ही बघू, तुम्ही शिक्का नीट मारा. माझा स्वभावच तसा. उत्तर सुचलं नाही की मी भांडण काढतो.

पुढचे तीन दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. रेडिओवर हवामान लागलं की मी आवाज वाढवायचो आणि दुकानातल्या सगळ्यांना गप्प करायचो. 'मराठवाड्यात तुरळक ठिकाणी' एवढं ऐकलं की मी हातातलं काम टाकून पायरीवर जायचो. मी एका गिऱ्हाइकाच्या बावीस इंची चाकात चोवीसची ट्यूब कोंबली. रोज पहाटे अंगणात जाऊन आभाळ बघायचो. चांगुणाही त्याच वेळी घागर कडेवर घेऊन बाहेर पडायची आणि वर बघायची. "आज तरी यावा बया," ती म्हणायची. मी मनात मात्र म्हणायचो, अजून पंधरा दिवस थांब, मग ये, हवं तेवढं ये.

एकोणतीसला आभाळ पुन्हा भरून आलं आणि रात्री नुसताच वारा सुटून गेला.

तीस तारखेला अकराच्या सुमारास निवृत्ती आला. चेन पडली होती, पण ती बसवायला तो थांबला नव्हता. सायकल ढकलत, घामानं थबथबत आला.

"वाढली. एकतीस जुलैपर्यंत. आत्ताच कळलं."

मी त्याला उचललाच. "बघितलास माझा अर्ज?"

"तुमच्या अर्जानं न्हाई बरं का, शेषेराव. पाऊस न्हाई, मनून. आपल्याकडंच न्हाई, समद्याच तालुक्यांत वाढली."

हे त्यानं दोनदा सांगितलं. पण ऐकायला कोण होतं? वीस मिनिटांत दुकानापुढे पन्नास माणसं जमली. हलगीवाला आला. मी दोन किलो पेढे उचलले. गुलालाची पोती गेल्या अंतिम सामन्यापासून माळ्यावर पडून होती, जिंकू म्हणून आणलेली. ती खाली काढली. आणि आम्ही नाचत निघालो ते थेट गावाबाहेरच्या त्या मोठ्या विहिरीकडे, जिथं टँकर भरायचे. मन्मथ तिथंच असणार होता.

विहिरीजवळ पन्नास-साठ बाया रांगेत बसल्या होत्या. टँकर भरून उरलेलं त्यांना मिळायचं. हलगीचा आवाज ऐकून त्या उभ्या राहिल्या. मन्मथ टँकरवर चढून पाइप धरून होता. आम्ही त्याला खाली ओढला, खांद्यावर घेतला आणि त्याच्या डोक्यावर गुलाल ओतला. उधळला नाही, ओतला. त्याचं तोंड, मान, सदरा, पापण्या, सगळं लाल झालं. तो हसत होता, पण बावरल्यासारखा.

"अण्णा, काय झालं? सांगा तर!"

"मुदतवाढ!" मी ओरडलो. "आता जुलैभर तू आमचा!"

रांगेतल्या एका म्हातारीनं विचारलं, "आवं, काय झालं? पाऊस पडला व्हय कुठं?"

"पाऊस न्हाई मावशे, मुदत वाढली!"

"कशाची?"

मी पेढ्यांचा पुडा घेऊन तिच्याकडे वळलो होतो. तेवढ्यात मला तिच्या मागे, बाभळीच्या बुडाशी बसलेली नीलम्मा दिसली. मन्मथची आई. शेजारी एक गाठोडं. सकाळच्या एसटीनं आली होती, हे मला नंतर कळलं. काल त्यांच्याकडे आभाळ आलं, म्हणून ती मुलाला पेरणीसाठी न्यायला आली होती. तीस तारखेला त्याचं काम संपतं, हे तिच्या पक्कं लक्षात होतं.

ती उठून माझ्यासमोर आली. "कशाची मुदत वाढली, अण्णा?"

साठ बाया माझ्याकडे बघत होत्या. हलगीसुद्धा थांबली होती.

"टंचाईची," मी म्हणालो.

तिनं माझ्या हातातल्या पेढ्याकडे बघितलं, मग मुलाकडे. "मंजे दुष्काळ वाढला मनून ह्ये पेढे?" ती हळू बोलली, तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं, रागाला राग देता येतो. "मला नको, बाबा. मी पाऊस पडावा मनून सोमवार धरलेव. दुष्काळाचा पेढा मी कसा खाऊ?"

पुडा हातात घेऊन मी उभा राहिलो. त्या बायांपैकी एकीनंही पेढा घेतला नाही. एकेक करून त्या पुन्हा आपापल्या घागरीपाशी जाऊन बसल्या.

मन्मथ खांद्यांवरून खाली उतरला. त्याचे डोळे गुलालानं चुरचुरत होते. नीलम्मा पदरानं त्याचं तोंड पुसायला लागली, तर गुलाल आणखीच पसरला. शेजारी अख्खी विहीर होती, भरलेला टँकर होता, पण त्या रांगेसमोर तांब्याभर पाणी तोंड धुवायला कोण मागणार? मन्मथनं मागितलं नाही. मीही नाही. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मन्मथ तसाच लालभडक तोंडानं केबिनमध्ये चढला आणि टँकर चार गावं करायला निघून गेला. लोक त्याला दिवसभर कशाचा गुलाल म्हणून विचारणार, आणि तो काय सांगणार, एवढंच परत येताना माझ्या डोक्यात घोळत होतं. उरलेलं पोतं आम्ही माळ्यावर टाकलं. पेढे मीही खाल्ले नाहीत.

संध्याकाळी तो दुकानात आला. केसांत अजून लाली होती. नीलम्मा बाहेर पायरीवर गाठोडं घेऊन बसली होती, आत यायला तयार नव्हती.

"अण्णा, मी उद्या नांदेडला जातो."

"काय?" माझा आवाज चढला. "आत्ता तर मुदत वाढलीय! बारा दिवस राहिलेत, मन्मथ! बारा दिवस!"

"हाव, ठावं हाय."

"पैशासाठी चाललास का? सांग ना तसं. खोली देतायत, कायम करतायत. मी तुला अनवाणी बघितला होता, तुला पहिले बूट कुणी घेऊन दिले?" बोलता बोलता मला कळत होतं की मी हलकं बोलतोय. तरी तोंड थांबेना.

त्यानं मला सगळं बोलू दिलं. मग म्हणाला, "तुमीच दिले. मनून तर दोनदा न्हाई मनालो त्येंना. पन अण्णा, आज चार गावं फिरलो. परतेक गावात बायांनी इचारलं, कुठं पाऊस पडला का रं बाबा, गुलाल लागलाय मनून. परतेकीला न्हाई मनून सांगायलो. मी हितं ऱ्हावा मनून तुमी पाऊस नको मनता. तिकडं माजी अव्वा पाऊस मागती. मी कुनाच्या बाजूनं खेळू?"

नेहमीप्रमाणे भांडण काढावं म्हटलं तर तेही सुचेना.

"तिथली नोकरी पावसाला भीत न्हाई," तो म्हणाला. "दुपारी फोन केलता त्येंना, पाऊस पडला तर पेरणीला रजा देतो मनलेत. बाराला मी खेळणार न्हाई. उदगीरच्या इरुद्ध ह्या साली उभं ऱ्हाणार न्हाई, ह्येबी त्येंना सांगितलंय." तो माझ्या पाया पडला. मी त्याचे खांदे धरले आणि मला रडू आलं. दुकानात गिऱ्हाईक होतं, तरी आलं.

बारा जुलैला आम्ही दोन गोलांनी हरलो. मन्मथ दोन्हीकडे नव्हता. लोक दोन-तीन दिवस माझ्यावर चिडून होते, मग विसरले. पाऊस नव्हताच. एकदा भुरभुर झाली, धूळसुद्धा बसली नाही.

सोळा तारखेला पोस्टमननं दुकानात एक जाड पाकीट आणून टाकलं. उस्मानाबादहून परत आलेलं. वर लाल शाईत लिहिलेलं होतं, सदर तालुका या जिल्ह्यात नाही. मी ते घरी नेलं आणि उंबऱ्यावर बसून उघडलं. माझंच वळणदार अक्षर. टंचाईस मुदतवाढ मिळावी, अशी आम्हा सर्वांची कळकळीची विनंती. लिहिताना मला त्यात फक्त मन्मथ दिसला होता. आता तो सोडून बाकी सगळे दिसत होते. पहिली सही माझी. मग पानवाला, हमाल, बँडवाले. शेवटच्या पानावर एक अंगठा, कडेला माझ्याच हातानं लिहिलेलं: सौ. चांगुणा शेषेराव.

ती रिकाम्या घागरी घेऊन रांगेला निघाली होती. माझ्याजवळ थांबली.

"कशाचा कागद आलाय?"

"फुटबॉलचा," मी म्हणालो.

"त्योच का, माजा अंगठा घेतलावता त्यो?" तिनं वाकून बघितलं. "काय झालं मग त्येचं? मंजूर झालं का?"

मी तिच्या कडेवरच्या घागरीकडे बघितलं.

"झालं," मी म्हणालो.

"बरं झालं बया, त्या पोराचं," ती म्हणाली आणि चुंबळ डोक्यावर ठेवून विहिरीच्या वाटेला लागली.